विसर्जन मिरवणुकीतला लेझर: बंदी हवी की नियम?

कृष्णाकाठ: गेल्या वर्षी मिरवणुकीत माझ्या भाच्याच्या डोळ्यात हिरवा लेझर गेला. तेव्हा काहीच दुखलं नाही. दोन दिवसांनी पेपर वाचताना म्हणाला, "मामा, अक्षरांवरची रेघ मधेच खाली वाकलीय." उजवा डोळा झाकला की रेघ सरळ. मिरजेत दाखवलं. डॉक्टरांनी स्कॅनवर डोळ्याच्या पडद्याच्या अगदी मधोमध भाजल्याची खूण दाखवली. चष्म्याने ते सुधारणारं नाही म्हणाले. कोणत्या मंडळाचा लेझर होता ते सांगणार नाही, मला भांडण नकोय. पण पुणे पोलिसांनी 2024 च्या गणेशोत्सवात लेझरवर बंदी घातली होती, तशी सांगलीतही घाला.

मंडळाचा कार्यकर्ता: दादा, पोराचं ऐकून खरंच वाईट वाटलं. पण सरसकट बंदीला माझा विरोध आहे. लोक शार्पीलाही लेझर म्हणतात. शार्पी हा दिवा आहे, फक्त झोत अरुंद. बंदी आली की पहिल्यांदा तोच उतरवायला लावतील. शिवाय किरण सतत फिरत असतो, एका डोळ्यावर थांबतो कुठे? एवढं तेज तर सूर्याचंही असतं.

भौतिकशास्त्र शिकवतो: शार्पीचं बरोबर आहे, पुढचं पटत नाही. बल्बचा उजेड चहूकडे पसरतो, अंतर दुप्पट झालं की चौथाई उरतो. लेझरचा किरण जवळजवळ समांतर जातो, शंभर फुटांवरही फारसा फाकत नाही. तो बाहुलीतून आत शिरला की आपल्याच डोळ्यातलं भिंग त्याला पडद्यावर सुईच्या टोकाहून बारीक ठिपक्यात गोळा करतं. बाहुलीपाशी असते त्याच्या लाखभर पट तीव्रता तिथे होते. सूर्याची प्रतिमासुद्धा त्या ठिपक्यापेक्षा मोठी पडते.

पापणी मिटायला साधारण पाव सेकंद लागतो. तेवढ्या वेळात इजा होऊ नये म्हणून सुरक्षिततेच्या वर्गवारीत वर्ग 2 च्या, डोळ्याला दिसणाऱ्या लेझरची मर्यादा 1 मिलिवॅट ठेवली आहे. मिरवणुकीतलं यंत्र 5 वॅटचं धरा, म्हणजे पाच हजार पट. किरण फिरता असेल तर धोका घटतो, हे मान्य. पण किरण फिरवणारा आतला आरसा अडकला की तोच किरण एका जागी उभा राहतो.

आणखी एक. आपल्या डोळ्याला हिरवा रंग सगळ्यात उजळ दिसतो. तेवढ्याच ताकदीचा निळा मंद वाटतो, म्हणून पोरं त्याच्याकडे टक लावून बघतात. भाजायचं तितकंच भाजतं. आणि पडद्याला दुखणं कळवणारी नसच नाही, त्यामुळे तुमच्या भाच्याला तेव्हा काही जाणवलं नाही.

ट्रसवाला: मी लाइटच्या सुपाऱ्या घेतो, त्यामुळे माझं पोट यावर आहे, हे आधीच सांगतो. चूक यंत्राची नाही, लावणाऱ्याची. पोरं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर खांद्याच्या उंचीला लेझर बांधतात आणि तोंड गर्दीकडे करतात. अमेरिकेतल्या नियमात किरण प्रेक्षक उभे असतात तिथून किमान 3 मीटर वर हवा असतो. मी ट्रस, म्हणजे दिवे टांगायचा धातूचा सांगाडा, उंच बांधतो, लेझरचं तोंड वर ठेवतो. जो हे पाळत नाही त्याचं सामान जप्त करा, आमचं सगळ्यांचं का?

मंडळाचा कार्यकर्ता: हे पटलं. उंचीचा नियम करा, आम्ही पाळू.

कृष्णाकाठ: ट्रसवाले, तुम्ही नीट काम करता यावर विश्वास आहे. पण सांगलीच्या हरभट रोडवर 3 मीटर वर काय असतं? पहिल्या मजल्याची गॅलरी. गुडघ्यांमुळे खाली न उतरणाऱ्या आज्या तिथे खुर्ची टाकून बसलेल्या असतात, मांडीवर नातवंडं. तुमचा वर केलेला किरण सरळ तिथे जातो. मोकळ्या मैदानात तुमचा नियम चालेल. या पेठांमध्ये ट्रस कुठे बांधाल की एकाही गॅलरीत किरण जाणार नाही?

ट्रसवाला: त्या रस्त्यावर तशी जागा नाही. तिथे मीही लावणार नाही.