मदत हवी आहे: जात्यावरच्या ओव्यांचं रेकॉर्डिंग, आजीचा आवाज जात्याखाली दबतोय

नमस्कार मंडळी,

आजीला ८५ पूर्ण झाली. तिच्या ओव्या व्हिडिओत धरून ठेवायचं काम 'पुढच्या सुट्टीत' म्हणत दोन वर्षं ढकललं, शेवटी या दिवाळीत हाती घेतलं. वाई तालुक्यातलं गाव, जुन्या घराचं माजघर, खाली शहाबादी फरशी. चित्र झकास आलंय. आवाज लावला की मात्र जातं ऐकू येतं आणि त्याच्या आड कुणी बाई काहीतरी म्हणतेय एवढंच कळतं.

'जातं बाजूला ठेवून गाऊन घ्या' हा सल्ला घरातल्या प्रत्येकाने देऊन झालाय, तेव्हा तो नको. नुसतं बसवलं तर दोन ओव्या होतात आणि तिसरीला आजी अडते. खुंटा हातात आला की थांबत नाही. "हात फिरल्याबिगर तोंडात येत न्हाय," म्हणते. ओळ कुठे ओढायची, श्वास कुठे घ्यायचा, तेही फेऱ्यावरच ठरतं. त्यामुळे जातं हवंच आहे, फक्त जरा मागे.

आतापर्यंतचे उद्योग: फोन ट्रायपॉडवर, आजीपासून आठेक फुटांवर. नंतर भाच्याचे ब्लूटूथ इअरबड लावले, तर आजी ट्रंककॉलवर बोलतेय असं वाटलं. मग ऑनलाइन कॉलर माइक मागवला, टाइप-सी कन्व्हर्टरने फोनला जोडला, पदराला अडकवला. फरक शून्य! शेवटी ऑडॅसिटीत (आवाज कापण्या-सुधारण्याचं सॉफ्टवेअर) नुसत्या जात्याचा तुकडा नमुना म्हणून देऊन नॉइज रिडक्शन केलं. जातं थोडं गेलं, पण आजी रांजणात तोंड घालून गातेय असं झालं.

माइक खराब आहे का? तो लावायचा नेमका कुठे? आणि हातात असलेल्या ४० मिनिटांचं काही होईल का? त्यातल्या काही ओव्या पुन्हा तिच्या तोंडी आल्याच नाहीत. खर्च ३००० पर्यंत चालेल.

खरखर: फरक *शून्य* म्हणताय म्हणजे माइक खराब नसावा, फोन त्याला विचारतच नसावा. रेकॉर्डिंग लावून आधी माइकवर नखाने टकटक करा, मग फोनच्या खालच्या भोकाजवळ. दुसरी टकटक मोठी आली तर आवाज फोनच्याच माइकने घेतलाय. कारणं नेहमीची: काही कन्व्हर्टरमध्ये आवाजाची चिपच नसते, किंवा माइकची पिन कॅमेऱ्याची असते. पिनवर दोन काळ्या रिंगा असतील तर कॅमेऱ्याची, तीन असतील तर फोनची. तेही ठीक असेल तर ओपन कॅमेरा हे फुकट अ‍ॅप घ्या, त्यात बाहेरचा माइक निवडता येतो.

इअरबडचा दोष नाही. ब्लूटूथवर माइक चालू झाला की तो बहुधा फोनकॉलच्याच दर्जावर उतरतो.

माजघर: पदराला छातीपाशी लावू नका. दळताना बाई पुढे वाकते, म्हणजे माइक थेट जात्यावर. वर मंगळसूत्राची किणकिण आणि कापड घासण्याचा आवाज. संगीत नाटकात माइक कपाळाच्या वर केसांच्या कडेला दडवलेला असतो, तसा डोक्यावरच्या पदराच्या आतल्या कडेला लावा. वायर पाठीवरून. बांगड्या काढायला सांगू नका, आजी ऐकायच्या नाहीत.

ट्रायपॉडच्या पायांखाली घडी घातलेली गोधडी ठेवा. जात्याची घरघर फरशीतून चढते.

खरखर: अगदी. मोकळ्यावर तोंड आणि माइकमधलं अंतर निम्मं केलं की आवाज ६ डेसिबलने वाढतो. ८ फुटांवरून १ फुटावर म्हणजे तीनदा निम्मं, १८ डेसिबल. बंद खोलीत इतकं नाही मिळणार, तरी एवढं कुठलंच सॉफ्टवेअर देत नाही.

जुना टेपवाला: ४० मिनिटांबद्दल. नॉइज रिडक्शन पंख्यासारख्या एकसुरी आवाजाला चांगलं. जातं प्रत्येक फेऱ्यात चढतं-उतरतं, शिवाय दगडाची खरखर आणि 'स', 'श' एकाच पट्ट्यात येतात. एक काढलं की दुसरं जातं. मूळ फाइलची प्रत बाजूला ठेवा, मग १०० हर्ट्झच्या खालचं कापा (आजीचा आवाज त्याच्या वरच आहे), २ ते ४ किलोहर्ट्झ थोडं उचला, बस. खाली शब्द लिहा. आणि ते शब्द आजीसमोर बसून आत्ताच लिहून घ्या, हे सगळ्यात आधी.

धागाकर्ता: टकटक केली. माइक मुका! पिनवर तीन रिंगा आहेत, म्हणजे लोच्या कन्व्हर्टरचा. बाबांच्या जुन्या फोनला गोल सॉकेट निघालं, तो आजीच्या पाठीमागे ठेवला, माइक पदराच्या आत. चित्र माझ्या फोनवर, आवाज त्या फोनवर, सुरुवातीला एक टाळी. काय सांगू, जातं आता शेजारच्या खोलीत गेल्यासारखं आणि आजी कानाशी. तिला ऐकवलं तर म्हणाली, "हितं चुकले, परत घे." परत घेतलं, आणि मधेच पहिल्या दिवशीची एक हरवलेली ओवीही आली.

आता नवीन दुखणं: टाळीला टाळी जुळवली तरी विसाव्या मिनिटाला ओठ आणि आवाज किंचित सुटतात.

खरखर: दोन फोनांची दोन घड्याळं, सुटणारच. प्रत्येक ओवीनंतर आजी पीठ सारायला थांबते ना? तिथे कापा आणि तुकडा तुकडा जुळवा.