नॅनो आधीच गाडीत बसलीय

नॅनोतंत्रज्ञानामुळे, म्हणजे पदार्थाच्या अतिसूक्ष्म कणांच्या करामतीमुळे, रंग बदलणारी, ओरखडे स्वतःच भरून काढणारी गाडी येणार, असं म्हणतात. येईलही. पण मला त्यात फारसा रस नाही, रंग काय, रंगारीही देतो.

आपल्या टायरचा काळा रंग कशामुळे? कार्बन ब्लॅकमुळे, म्हणजे काही दशक नॅनोमीटर आकाराच्या काजळीच्या कणांमुळे (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). सुरुवातीचे टायर पांढरट असायचे आणि लवकर झिजायचे. सायलेन्सरच्या वाटेवरचा, धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही प्लॅटिनम-पॅलेडियमच्या अशाच बारीक कणांवर चालतो. टोयोटाने तर नायलॉनमध्ये मातीचे नॅनोथर मिसळून इंजिनाच्या टायमिंग बेल्टचं कव्हर कधीच बनवलं होतं. (टाटांच्या नॅनोचा या नॅनोशी संबंध नावापुरताच!)

खरी उलथापालथ मला बॅटरीत दिसते. आजच्या लिथियम बॅटरीत ऋणाग्र, म्हणजे चार्ज होताना लिथियम साठवणारं टोक, बहुधा ग्राफाइटचं असतं. त्याच वजनाचं सिलिकॉन जवळपास दहापट लिथियम सामावून घेतं. मग अडलंय कुठे? चार्ज होताना सिलिकॉन तिप्पट-चौपट फुगतं, डिस्चार्ज होताना आकसतं, आणि या फुगण्या-आकसण्यात त्याचा भुगा होतो. कण साधारण १५० नॅनोमीटरपेक्षा बारीक असला तर मात्र तो तडकत नाही. पण फुगणं काही थांबत नाही, म्हणून सध्या ग्राफाइटमध्ये थोडंसंच सिलिकॉन मिसळतात, भाजीत मीठ घालावं तसं. बारीक कणांचा पृष्ठभाग मोठा, त्यामुळे त्यावर इलेक्ट्रोलाइटची (बॅटरीतल्या द्रावाची) पुटं चढतात आणि लिथियम फुकट अडकून पडतं, ही दुसरी डोकेदुखी. या दोन्ही सुटल्या की तेवढ्याच वजनाच्या बॅटरीवर गाडी जास्त पळेल आणि चार्जिंगसाठी थांबणं कमी होईल.