प्रति: ताऱ्यांमधले ठरलेले मार्ग

अंतराळयुद्धाच्या पटावरच्या खेळात ताऱ्यांमध्ये ठरावीक मार्ग आखले की नाकी तयार होतात आणि मोहिमेत लढाया आपोआप घडतात, हे वरचं म्हणणं पटलं. षट्कोनी घरांच्या मोकळ्या नकाशावर दोन आरमारं एकमेकांना चुकवत फिरत बसतात, आणि लढाई काही होत नाही. पण मार्गांइतकाच बातमीचा वेगही महत्त्वाचा, आणि त्याबद्दल इथे कुणी बोललंच नाही. 'ट्रॅव्हलर' या अंतराळातल्या भूमिका-खेळाच्या विश्वात जहाजाची ताऱ्यांमधली उडी एक पार्सेकची (सुमारे सव्वातीन प्रकाशवर्षांची) असो की सहा, वेळ साधारण एक आठवडाच लागतो आणि जहाजापेक्षा वेगाने निरोप जात नाही. म्हणजे आघाडीची खबर राजधानीत पोचते तेव्हा ती शिळीच असते.

१९८१च्या 'फिफ्थ फ्रंटियर वॉर' या त्याच विश्वातल्या पटावरच्या युद्धखेळात हे थेट नियमांतच बसवलंय: आरमाराच्या हालचाली काही पाळ्या आधीच लिहून ठेवायच्या, किती आधी ते सेनापतीच्या कुवतीवर. शत्रू मधेच दुसरीकडे वळला तरी आपलं आरमार निमूटपणे जुन्या हुकुमावर चालत राहतं! लिखापढी वाढते खरी, तरी इंधनाच्या हिशोबापेक्षा मला ही कटकट परवडते. मोहीम छोटी असेल तर सगळ्यांनाच सरसकट दोन पाळ्या आधी हुकूम लिहायला लावा, सेनापतींच्या कुवतीचे आकडे सोडून द्या.