ॲलन पेज यांना मुलांपुढे आदर्श म्हणून ठेवावं का?

सुमेधा

आमचा मुलगा यंदा हायस्कूलच्या फुटबॉल संघात नाव घालायचं म्हणतोय. अमेरिकन फुटबॉल, हेल्मेट घालून एकमेकांच्या अंगावर जायचा तो. त्याला हवी असलेली जागा डिफेन्सिव्ह टॅकलची, म्हणजे बचावफळीच्या ऐन मधोमध. घरात यावरून दोन तट पडलेत. मी त्याला जाऊ द्यावं या बाजूची आहे आणि माझ्या मतामागे एका माणसाचं, पुढे न्यायमूर्ती झालेल्या फुटबॉलपटू ॲलन पेज यांचं, चरित्र आहे. ते इथे मांडते. पटत नसेल त्यांनी जरूर विरोध करावा.

ॲलन पेज यांचा जन्म १९४५ सालचा, ओहायोतल्या कँटन गावातला. याच गावात १९६३ साली प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेमची, म्हणजे थोर खेळाडूंच्या सन्मान-संग्रहालयाची, इमारत उभी राहत होती आणि शाळेतला हा मुलगा त्या बांधकामावर मजुरीला होता. पंचवीस वर्षांनी, १९८८ साली, त्याच हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला. मधल्या काळात नोत्र दाम विद्यापीठातून राज्यशास्त्राची पदवी घेतली, १९६६ साली तिथल्या संघाबरोबर राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं आणि १९६७ च्या ड्राफ्टमध्ये (एनएफएल या व्यावसायिक लीगचे संघ कॉलेजचे खेळाडू आळीपाळीने निवडतात तो) पंधराव्या क्रमांकावर मिनेसोटा व्हायकिंग्ज या संघाने त्यांना उचललं. कार्ल एलर, जिम मार्शल, गॅरी लार्सन आणि पेज या चौघांच्या फळीला लोक ‘पर्पल पीपल ईटर्स’ म्हणायचे. १९६९ च्या हंगामात व्हायकिंग्जनी १४ सामन्यांत मिळून फक्त १३३ गुण दिले. १९७१ साली पेज लीगचे एमव्हीपी, म्हणजे सर्वांत मोलाचे खेळाडू, ठरले. असोसिएटेड प्रेसचा हा मान तोवर एकाही बचावपटूला मिळाला नव्हता. त्यांच्यानंतरही १९८६ साली लॉरेन्स टेलरला मिळाला, बस. बाकी सगळी वर्षं तो बहुतेक क्वार्टरबॅक आणि रनिंग बॅक या चढाईतल्या खेळाडूंच्याच घरी गेलाय.

माझा मुद्दा यापुढे सुरू होतो. खेळत असतानाच ते मिनेसोटा विद्यापीठात कायदा शिकले आणि १९७८ साली पदवी घेतली. १९९२ च्या निवडणुकीत मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयावर निवडून आले. त्या न्यायालयातले ते पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती. तीनदा फेरनिवड झाली आणि सत्तराव्या वर्षी, २०१५ साली, नियमाप्रमाणे निवृत्त झाले. खेळ आणि अभ्यास एकमेकांच्या आड येतात असं म्हणणाऱ्या प्रत्येक पालकाला हे चरित्र वाचायला द्यावं, असं मला मनापासून वाटतं.

शिकागोकर

सुमेधाताई, पेज यांच्याबद्दल मलाही तेवढाच आदर आहे, म्हणूनच तुमचा निष्कर्ष खटकतो. तुम्ही १९७८ साली पदवी मिळाली एवढंच सांगितलंत. त्याच वर्षी, हंगाम चालू असताना, व्हायकिंग्जनी त्यांना काढून टाकलं. सलग नऊ वर्षं प्रो बोल (निवडक उत्तम खेळाडूंचा सामना) खेळलेला माणूस शिकागो बेअर्सनी वेव्हर्समधून, म्हणजे संघांनी सोडलेल्यांच्या यादीतून, अवघे १०० डॉलर भरून घेतला.

का काढलं? पेज पळायला लागले होते. पत्नी डायन यांनी सिगारेट सोडायची म्हणून पळणं सुरू केलं, त्यांच्या सोबतीने यांनाही ते आवडलं आणि वजन उतरलं. प्रशिक्षक बड ग्रँट यांना तो हलका टॅकल नको होता. त्यात पेज हे खेळाडूंच्या संघटनेचे प्रतिनिधी आणि तिच्या कार्यकारिणीवरही राहिलेले. तो काळ संपाचा, मालकांशी झगडण्याचा. प्रश्न विचारणारा, स्वतःचं डोकं चालवणारा खेळाडू संघाला किती काळ चालतो, ते या एका प्रसंगातून कळतं. पेज मोठे झाले ते या व्यवस्थेशी झगडून. ते श्रेय आपण परत खेळालाच देणार का?

राजाभाऊ

इथे संघाच्या बाजूने कुणीच बोलत नाहीये, म्हणून लिहितो.

बड ग्रँट यांना खलनायक करू नका. डिफेन्सिव्ह टॅकलच्या समोर चढाईच्या फळीतला गार्ड असतो, बऱ्याचदा त्याच्या शेजारचा सेंटरही अंगावर येतो, म्हणजे दोघांचा भार एकटा पेलायचा. पेज तरुणपणीही या जागेच्या मानाने हलकेच होते. सगळा खेळ पहिल्या पावलाच्या वेगावर. चेंडू हलला की समोरच्याचे हात उठायच्या आत हे त्याच्या बगलेतून पलीकडे. तेहतिसाव्या वर्षी ते पाऊल तसं राहत नाही आणि वरून वजनही कमी केलेलं. शनिवार-रविवारच्या निकालावर ज्याची नोकरी ठरते त्या प्रशिक्षकाने काय करायचं? संघ काही कुणाच्या शिष्यवृत्तीसाठी चालवत नाहीत.

आणि एक. व्हायकिंग्ज त्या काळात चार सुपर बोल (लीगचे अंतिम सामने) खेळले आणि चारही हरले: कॅन्सस सिटी, मायामी, पिट्सबर्ग, ओकलंड यांच्याकडून. पेज चारही सामन्यांत होते. त्यांच्या थोरवीला त्याने बाध येत नाही, पण त्या संघावर दडपण काय होतं हे तरी लक्षात घ्या.

सुमेधा

राजाभाऊ, काढल्यानंतर काय झालं तेही बघू या. शिकागोत ते अजून तीन हंगामांहून जास्त खेळले, १९८१ पर्यंत, आणि तिथे जवळपास ४० सॅक (चेंडू फेकायच्या आत क्वार्टरबॅकला पाडणं) केले. १९७९ साली मॅरेथॉन पूर्ण केली. खेळत असलेल्या एनएफएल खेळाडूने मॅरेथॉन पुरी करण्याची ती पहिलीच वेळ. पूर्ण कारकीर्दीचे सॅक १४८.५ धरतात. लीगने सॅक अधिकृतपणे मोजायला सुरुवात केली १९८२ साली, पेज निवृत्त झाल्याच्या पुढच्याच वर्षी, त्यामुळे अधिकृत यादीत त्यांच्या नावावर एकही सॅक नाही. याचं मला फार वाईट वाटतं. बचावपटूचं काम कुणी नीट मोजलंच नव्हतं. सामना बघणाऱ्याची नजरही चेंडूवरच असते.

वजनाचा मुद्दा मला मान्य नाही. हलक्या पेजनी बेअर्ससाठी जे केलं तेच उत्तर पुरेसं आहे.

शिकागोकर, तुम्ही म्हणता ते झगडून मोठे झाले. मग झगडायची ती सवय कुठून आली असेल? १९९२ साली त्यांना निवडणुकीला उभंच राहता येईना, कारण राज्यपालांनी विद्यमान न्यायमूर्तींची मुदत वाढवून निवडणूकच टाळली होती. पेज कोर्टात गेले. खटला त्याच सर्वोच्च न्यायालयाचा, म्हणून तिथले न्यायमूर्ती बाजूला झाले, निवृत्त न्यायाधीशांचं खास पीठ बसलं आणि निकाल पेज यांच्या बाजूने लागला. पंधरा वर्षं समोरच्या दोघांना ढकलत उभं राहिलेल्या माणसाला हे सुचतं आणि झेपतं, असं मी म्हणेन.

अवंती

सगळं वाचलं. या चर्चेत मेंदूचा विषय अजून निघालाच नाही, म्हणून लिहिते.

पेज यांच्या शेजारी डेव्ह ड्यूरसन यांना ठेवून बघा. तेही नोत्र दामचे, तेही बचावपटू, तेही शिकागो बेअर्सचे. अर्थशास्त्राची पदवी विशेष गुणवत्तेसह घेतलेली. चार प्रो बोल, दोन सुपर बोल विजेतेपदं, १९८७ चे एनएफएल मॅन ऑफ द इयर. नंतर उद्योजक, आपल्याच विद्यापीठाचे विश्वस्त. अभ्यासाच्या बाबतीत कुठे कमी पडले? २०११ साली, पन्नासाव्या वर्षी, त्यांनी आयुष्य संपवलं. आपला मेंदू संशोधनासाठी द्यावा असा निरोप घरच्यांसाठी ठेवला होता. बोस्टन विद्यापीठाच्या तपासणीत सीटीई निघाला, वारंवार डोक्याला बसणाऱ्या धक्क्यांमुळे होणारा मेंदूचा आजार. निवृत्त खेळाडूंचे अपंगत्वाचे दावे तपासणाऱ्या मंडळावर ड्यूरसन स्वतः बसले होते, हे कळल्यावर मला पुढे वाचवेना.

सुमेधा, पदवी डोक्याचं रक्षण करत नाही. टॅकलच्या जागी तर धोका वेगळ्याच प्रकारचा. टीव्हीवर दिसणाऱ्या मोठ्या धडका तिथे कमी असतील, पण जवळजवळ प्रत्येक चालीला समोरच्यावर डोकं-खांदा आदळतोच. त्याने लगेच चक्कर येत नाही, कुणी बाहेर बसवत नाही, आणि अशा धक्क्यांची बेरीज वर्षानुवर्षं होत राहते. सीटीईचं पक्कं निदान आजही मृत्यूनंतरच होतं.

राजाभाऊ

अवंतीताई, २०१७ चा तो अभ्यास सगळे पुढे करतात, एनएफएलच्या १११ पैकी ११० मेंदूंमध्ये सीटीई सापडल्याचा. पण ते मेंदू कुटुंबांनी दान केलेले होते, आणि त्रास दिसला म्हणूनच अनेकांनी दिले असणार. त्यावरून सगळ्या खेळाडूंचं प्रमाण काढता येत नाही. पेज स्वतः २१८ सामने खेळले आणि त्यानंतर बावीस वर्षं निकालपत्रं लिहीत होते.

अवंती

प्रमाण काढता येत नाही हे बरोबर, आणि मी ते काढलेलंही नाही. ११० ही संख्याच पुरेशी मोठी आहे, एवढंच. शिवाय पेज यांचं उदाहरण तुम्ही ज्या अर्थाने देताय त्यालाही हीच हरकत लागू होते. जे सुखरूप राहिले त्यांच्याकडेच बघून धोका ठरवायचा, तर ड्यूरसन यांच्या घरच्यांना काय सांगायचं?

शिकागोकर

पेज यांनी स्वतः काय निवडलं ते बघा. हॉल ऑफ फेमच्या समारंभात आपली ओळख करून द्यायला बहुतेक जण प्रशिक्षकाला किंवा सहकाऱ्याला बोलावतात. यांनी मिनियापोलिसमधल्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका विलारीन बीझली यांना बोलावलं आणि भाषण केलं ते शिक्षणावर. संघातल्या सहकाऱ्यांवर प्लेबुक (संघाच्या चालींची वही) मोठ्याने वाचायची वेळ आली तेव्हा त्यातल्या काहींना ते वाचताच येत नव्हतं, हा अनुभव त्यांनी सांगितला आहे. हे कॉलेजातून आलेले खेळाडू! कॉलेजांनी त्यांच्याकडून खेळून घेतलं आणि अक्षरओळखीचीही पर्वा केली नाही. त्याच वर्षी त्यांनी पेज एज्युकेशन फाउंडेशन सुरू केलं. मदत मिळणाऱ्या विद्यार्थ्याने धाकट्या मुलांना शिकवायला वेळ द्यायचा, ही त्याची अट.

खेळाने माणसं घडतात यावर त्यांचा भरवसा असता, तर त्यांनी फुटबॉलची शिबिरं काढली असती.

सुमेधा

हा मुद्दा मोठा आहे आणि त्याला माझ्याकडे सरळ उत्तर नाही. तरी एक सांगते. २०१७ साली मिनियापोलिसमधल्या एका शाळेचं नाव बदलून जस्टिस पेज मिडल स्कूल झालं. आधीचं नाव मिनेसोटाचे जुने राज्यपाल अलेक्झांडर रॅम्सी यांचं होतं, ज्यांनी १८६२ साली तिथल्या मूळनिवासी डकोटा लोकांना एकतर संपवावं नाहीतर राज्याबाहेर हाकलावं अशी भाषा केली होती. नाव बदलायचा आग्रह मुलांनीच धरला. त्या मुलांनी नाव निवडलं ते न्यायमूर्तींचं हे खरं, पण या राज्यात घराघरात ते नाव पोचलं रविवारच्या सामन्यांमुळेच.

अवंती, तुझं लिहिणं मुलाला वाचायला दिलं. डिफेन्सिव्ह टॅकलचा हट्ट त्याने सोडलेला नाही. मी शाळेच्या प्रशिक्षकांना विचारायचे प्रश्न लिहून काढतेय: आठवड्यात किती सराव अंगाला अंग लावून होतात, डोक्याला मार लागल्यावर खेळाडूला परत कधी आणायचं हे कोण ठरवतं, प्रशिक्षक की बाहेरचा डॉक्टर. एनएफएलने २०११ च्या करारात पूर्ण अंगझोंबीचे सराव हंगामभरात चौदावर आणले, मग शाळांनी त्याहून कमी का ठेवू नयेत? आणखी काय विचारावं ते सांगा.

अवंती

त्याचं वय विचार. म्हणजे संघात किती वर्षं मोठ्या मुलांसमोर त्याला उभं करणार ते. नववीतलं पोर बारावीतल्यासमोर उभं करतात का, याचं उत्तर लेखी घे. आणि माझा विरोध कायम आहे.