बेअर रूट डेलिली, होस्टा, पिओनी कुंडीत लावायचेत, मदत हवी आहे

नमस्कार,
वाफा अजून तयार व्हायचाय आणि रोपं मात्र बेअर रूट, म्हणजे मातीशिवाय नुसत्या मुळांची, घरी येऊन पडलीत: तीन डेलिली, दोन होस्टा, एक पिओनी. तोवर कुंड्यांत लावावीत म्हणते, मुळं धरली की जमिनीत हलवीन. मागच्या खेपेला एक होस्टा घालवून बसले, फार वाईट वाटलं होतं. म्हणून यावेळी आधी विचारतेय.

तेव्हा वाढायला जागा हवी म्हणून मोठी कुंडी घेतली, तळाशी खडे घातले, रोज पाणी दिलं. तीन आठवडे वर काहीच दिसेना. शेवटी उकरलं, तर मूळ चिमटीत धरताच साल निघून आली आणि आत नुसता दोरा. कुबट वासही येत होता.

आता डेलिलीची मुळं बारीक गाजरांसारखी आहेत, टोकं वाळलेली, पण मधे दाबली तर घट्ट लागतात. एकावर करडी बुरशी आहे. होस्टाला पाकिटातच बोटभर पांढरे कोंब फुटलेत, त्यातला एक काढताना मोडला. पिओनीचं मूळ लाकडासारखं, वर तीन गुलाबी डोळे (कोंब फुटायच्या कळ्या). बुरशीवालं टाकून देऊ का? आणि कोण किती खोल लावायचं?

उत्तर
टाकू नका. मूळ घट्ट आहे तर वरवरची बुरशी धुऊन निघते. मऊ पडलेलं आणि वाळलेली टोकं स्वच्छ कात्रीने कापा. मग डेलिली तास-दोन तास पाण्यात ठेवा, रात्रभर नको.

तुमचं होस्टा बहुतेक मोठ्या कुंडीनेच गेलं. मुळं नसलेल्या भागातलं पाणी कुणी ओढत नाही, माती ओलीच राहते आणि मुळं कुजतात. खड्यांनीही निचरा वाढत नाही, उलट ओला थर मुळांजवळ सरकतो. मुळं न दुमडता मावतील आणि भोवती दोन बोटं जागा उरेल एवढीच कुंडी घ्या. मधे मातीची छोटी टेकडी करून मुळं तिच्यावर चहूबाजूंनी पसरा, पोकळी राहू देऊ नका. एकदा खालून निथळेपर्यंत पाणी द्या, पुढचं वरची इंचभर माती सुकल्यावर. पानं येईपर्यंत खत नको.

डेलिलीत मुळं आणि कोंब जुळतात ती जागा मातीखाली इंचभर, होस्टाची मातीच्या पातळीला. पिओनीचं मात्र काटेकोर आहे: डोळे एक ते दोन इंच खाली. त्याहून खोल गेले तर पानं येतात, फुलं येत नाहीत. पाणी घातल्यावर माती बसते, तेव्हा माप नंतर पुन्हा बघा. पांढरे कोंब आधी सावलीत ठेवा, हळूहळू हिरवे होतील. मोडलेल्याचं फार मनावर घेऊ नका, होस्टा बाजूने फुटतं.

धागाकर्ती
मनापासून आभार! सगळी लावली. पिओनीचं माप पाणी घातल्यावर पुन्हा घेतलं, माती चांगली अर्धा इंच बसली होती. तिथे थोडी भर घातली. आणि मोडलेल्या कोंबाच्या बुडाशी तांदळाएवढा एक टोकदार डोळा दिसतोय, तो मातीच्या वरच राहू देऊ ना?

उत्तर
हो, पण उघडा नको. चिमूटभर भुसभुशीत माती भुरभुरवा, नुसता झाकण्यापुरती.