प्लास्टरच्या मोजमापात खिडकी-दरवाजे कसे वजा करतात? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, गावाकडे आईबाबांच्या घराचं काम संपत आलंय, ठेकेदाराने फायनल बिल दिलंय आणि प्लास्टरच्या मोजमापावर येऊन सगळं अडलंय. सिव्हिलवाल्यांनी प्लीज बघा, बाबांच्या निवृत्तीचे पैसे आहेत आणि पुढच्या आठवड्यात हिशेब पूर्ण करायचाय.

मटेरियल आमचं, मजुरी आयटमप्रमाणे, आणि करारात स्पष्ट लिहिलंय की मोजमाप आयएस १२०० प्रमाणे, म्हणजे बांधकाम मोजण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे. बाहेरून २० मिमी सँडफेस (खरखरीत) प्लास्टर, आतून १२ मिमी आणि वर नीरू, म्हणजे चुन्याचा गुळगुळीत थर.

आता हॉलची एक भिंत सांगते. लांबी ४.८० मीटर, उंची ३.०० मीटर, म्हणजे १४.४० चौमी. तिच्यात १.५० बाय १.२० ची खिडकी, १.८० चौमी. बिलात आतून पूर्ण १४.४०, बाहेरूनही पूर्ण १४.४०, आणि खाली "खिडकीच्या कडा ५.४० रनिंग मीटर" (चौकटीभोवती भिंतीच्या जाडीत दिसणारी पट्टी) असा वेगळा आयटम. म्हणजे भोकाचे पैसे दोन्ही बाजूंनी आणि वर कडांचे वेगळे! विचारलं तर म्हणतात, ताई, खिडकी कुणीच वजा करत नाही, सगळीकडे असंच चालतं.

कडांना वेळ लागतो हे मला मान्य आहे. मिस्त्री फळी लावून, ओळंबा धरून, कोपऱ्यावर परत परत थापी फिरवत होते ते मी उभं राहून बघितलंय, तेवढ्या वेळात सपाट भिंत किती झाली असती. त्यांच्या मेहनतीचा एक रुपया कापायचा नाहीये, फक्त नियम काय तो कळू दे.

दुसरं म्हणजे बीम २३० बाय ४५० मिमी, स्लॅब १२५ मिमीचा. काँक्रीटमध्ये बीमची खोली पूर्ण ४५० धरलीये आणि स्लॅबही बाहेरच्या कडेपर्यंत पूर्ण मोजलाय. हे दोनदा नाही का होत?

प्रतिसाद १
ताई, दोनदाच होतंय. स्लॅब पूर्ण धरला की बीम स्लॅबच्या खालून मोजायचा, म्हणजे ३२५. तुमच्या बिलात दर मीटरला ०.२३ × ०.१२५ म्हणजे जवळपास ०.०२९ घनमीटर जादा लागतंय, ६० मीटर बीम असतील तर पावणेदोन घनमीटरच्या आसपास, अर्ध्या ब्रासपेक्षा जास्त (ब्रास म्हणजे १०० घनफूट). हे आधी दुरुस्त करून घ्या, यात वादाला जागाच नाही.

प्लास्टरचं असं आहे की अर्ध्या चौमीपर्यंतचं ओपनिंग वजा करत नाहीत आणि त्याच्या कडाही देत नाहीत, तुमचे बाथरूमचे व्हेंटिलेटर यात गेले. अर्धा ते ३ चौमी असेल तर एकाच बाजूने वजा, दुसरी बाजू सोडतात ती कडांच्याच बदल्यात. त्यामुळे कडांचा वेगळा आयटम तिथे बसत नाही. ३ च्या वर गेलं की दोन्ही बाजूंनी वजा आणि कडा मोजून द्यायच्या.

प्रतिसाद २
वरचं बरोबर, पण ताईंकडे आत-बाहेर प्लास्टर वेगळं आहे, दरही वेगळे असणार, म्हणून कुठल्या बाजूने वजा करायचं ते महत्त्वाचं. चौकटीपासून ज्या बाजूची कड अरुंद, त्या बाजूच्या प्लास्टरमधून वजा. दोन्हीकडे सारखीच असेल तर निम्मं-निम्मं. चौकट भिंतीत कुठे बसवलीये?

धागाकर्ती
खूप आभार दोघांचे! चौकटी सगळ्या आतल्या बाजूला आहेत, आत कड जेमतेम दोन बोटं, बाहेर चांगली रुंद. मग आतून १२.६० आणि बाहेरून १४.४०, कडा वेगळ्या नाहीत, बरोबर ना? आणि गच्चीकडचा स्लायडिंग दरवाजा २.४० बाय २.१०, म्हणजे ५.०४, तो दोन्हीकडून वजा पण कडा द्यायच्या?

प्रतिसाद २
हो, दोन्ही बरोबर. त्या दरवाज्याला उंबऱ्याची बाजू सोडून ६.६० मीटर कड येते, गुणिले रुंदी, तेवढं क्षेत्रफळ त्यांना नक्की द्या, तो त्यांचा हक्काचा पैसा आहे. आणि बिलावर नुसत्या खुणा करू नका, ठेकेदाराला सोबत घेऊन टेपने मोजा, प्रत्येक भिंत वेगळ्या ओळीत लिहा आणि तिथल्या तिथे दोघांच्या सह्या घ्या.

धागाकर्ती
रविवारी बोलावलंय त्यांना, बाबाही असतील. शिडी शेजारच्या काकांकडून मिळतेय. जिन्याच्या प्लास्टरचं काही अडलं तर इथेच विचारते.