रम कास्क फिनिश सिंगल माल्ट : रम नेमकी ओळखायची कशी?

नमस्कार मंडळी,

मी न्यू जर्सीत असतो. इथे ग्लेनलिव्हेट या स्कॉच व्हिस्कीची कॅरिबियन रिझर्व्ह तीस डॉलरच्या आसपास मिळते. ४० टक्के अल्कोहोल, वयाचा आकडा नाही, कॅरिबियन रमच्या पिंपांत फिनिश केलेली, म्हणजे शेवटचा काही काळ मुरवलेली. या भावात स्कॉटलंडमधल्या स्पेसाइडचा सिंगल माल्ट (एकाच डिस्टिलरीची माल्ट व्हिस्की) मिळतोय हेच मला मोठं वाटतं, आणि बाटली आवडलीही आहे. पण एक शंका काही केल्या सुटत नाही.

ग्लेनकेर्न ग्लासात (व्हिस्कीचा वास घ्यायचा निमुळत्या तोंडाचा ग्लास) ओतून थोडा वेळ ठेवली की आधी पिकलेल्या केळ्याचा वास येतो, थेट शिकरणासारखा. मागून व्हॅनिला, टॉफी, पाकातला पेअर. घोट घेतला की मात्र हे सगळं पातळ होतं. जिभेवर सफरचंद, थोडं कॅरॅमल, शेवटी किंचित तुरट लाकूड, आणि चव लगेच विरते. पाण्याचे थेंब टाकले तर उरलंसुरलं केळंही जातं. ओल्ड मंकमुळे रम म्हटलं की मला काकवीचा जड गोडवा आठवतो. तो इथे कुठेच नाही.

आता गोची अशी की व्हॅनिला आणि टॉफी बर्बनच्या (अमेरिकन व्हिस्कीच्या) पिंपातूनही येतात, आणि केळं तर आंबवताना तयार होणाऱ्या एस्टरमधूनही (फळांसारख्या वासाच्या रसायनांतूनही) येतं. बर्बनला कायद्याने आतून जाळलेलं नवं ओक लागतं. त्यामुळे एकदा वापरलेली पिंपं स्कॉटलंडलाही जातात आणि रमवाल्यांकडेही. म्हणजे रमचं पीप बहुतेकदा आधी बर्बनचंच असतं. शिवाय ही 'सिलेक्टिव्हली फिनिश्ड' आहे, म्हणजे सगळा माल रमच्या पिंपात गेलेला नसावा. मग मला लागतंय ते रमचं, की लेबल वाचून नाक फसतंय?

ग्लेनलिव्हेटच्याच, रम फिनिश नसलेल्या फाउंडर्स रिझर्व्हशी ताडून बघायचा विचार आहे. तीही ४० टक्के, तीही बिनवयाची. तीन ग्लास, दोनांत एक, तिसऱ्यात दुसरी, ओतणारी बायको. वेगळा ग्लास ओळखता आला तर फरक खरा मानावा का? की आधी फाउंडर्सऐवजी १२ वर्षांची ग्लेनलिव्हेट लावू?

बाल्व्हेनी १४ कॅरिबियन कास्क ही १४ वर्षांची रम फिनिश सिंगल माल्ट ४३ टक्क्यांची आहे, पण किंमत दुपटीच्या वर. तिच्यात रम खरंच ठळक लागते का? ज्यांनी दोन्ही शेजारी ठेवून चाखल्यात त्यांनी कृपया सविस्तर लिहा, विशेषतः घोट गिळल्यानंतर काय उरतं ते. पन्नास डॉलरच्या आतली दुसरी एखादी रम फिनिश माहीत असेल तर तीही सुचवा.